विश्वजित यज्ञ आणि सातबारा

महसुली दप्तरातील ज्या एका शब्दाने वसई तालुक्याचे रूप गेल्या चाळीस वर्षांत इतर कोणत्याही शब्दापेक्षा अधिक पालटले, तो शब्द 'बिनशेती' हा होय. आणि त्या शब्दाकडे मी जसजसा अधिक काळ पाहत आलो, तसतसे मला असे वाटू लागले आहे की, त्या कारकुनी शब्दाच्या पोटात एक फार जुना धार्मिक प्रश्न अनुत्तरित पडून आहे. भाताचे खाचर, केळीची वाडी, पानवेलींचा मळा, मिठागर, गुरचरण, खाजण, यांपैकी प्रत्येक नावात माणसाने त्या जागेशी केलेला काही एक करार सांगितलेला असतो: येथे मी अमुक पेरीन, एवढे पाणी घेईन, भरतीला अमुक बांधापर्यंत येऊ देईन. 'बिनशेती' या नावात असा कोणताच करार नाही. जमीन काय नाही एवढेच ते नाव सांगते, आणि काय नाही हे एकदा ठरले की पुढे ती काहीही होण्यास मोकळी होते.

सातबाराचा उतारा आपण सर्वांनी हाताळलेला आहे. त्यातील गाव नमुना सात जमीन कोणाची हे सांगतो आणि गाव नमुना बारा तीत काय पिकते हे सांगतो. म्हणजे स्वामित्व आणि उपयोग या दोन गोष्टी त्या एका कागदावर वर-खाली मांडलेल्या आहेत. ज्या भागात काहीच पिकत नाही, जेथे पाणी साचते, तिवरे वाढतात किंवा खडक वर आलेला असतो, त्याला दप्तरात 'पोटखराबा' म्हणतात. पाण्याचे साधन म्हणून विहिरीची नोंद होते; परंतु त्या विहिरीत उतरलेले पाणी कोणत्या डोंगरावर पडले, कोणाच्या खाचरातून झिरपत आले आणि आमच्या बांधाखालून पुढे कोणाच्या विहिरीत जाणार आहे, याची नोंद करण्यास त्या कागदावर रकाना नाही. हा दोष मी तलाठ्याचा मानत नाही. ज्या राज्यव्यवस्थेने ही दप्तरे घडविली तिला धारा हवा होता, आणि धारा पिकावर बसतो, पाण्याच्या वाटेवर बसत नाही. परंतु जे दप्तरात नाही ते जगातही नाही, असे मानण्याची सवय आपल्याला कधी लागली, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

या प्रश्नाविषयी मी तटस्थपणे लिहू शकत नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. आगाशीच्या बाजूस आमच्या आजोबांची अकरा गुंठ्यांची वाडी होती. तीत राजेळी केळी होती, कडेला माड होते, आणि पश्चिमेच्या अंगास एक बावखल होते. वसईच्या बाहेरच्या वाचकासाठी सांगतो की, बावखल म्हणजे वाडीच्या कुशीत खोदलेला लहानसा तलाव. पावसाळ्यात तो काठोकाठ भरे, उन्हाळ्यात त्यावर रहाट चाले, आणि रहाट थांबला तरी त्याचे पाणी वाळूतून हळूहळू पाझरून भोवतालच्या विहिरींना पुरे. ती वाडी आता नाही. तिच्या खरेदीखतावर इतर वारसांबरोबर माझीही सही आहे. आमच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. भाव चांगला होता, वाटे पाच होते, आणि वाडी राखणारे हात मुंबईच्या कचेऱ्यांत गेले होते. सही करताना माझ्या मनात जी एक अस्पष्ट अस्वस्थता होती तिला त्या वेळी नाव देता आले नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी, मीमांसेवरील एक ग्रंथ वाचीत असता, ते नाव मला सापडले.

जैमिनींच्या पूर्वमीमांसेत, सहाव्या अध्यायाच्या सातव्या पादात, विश्वजित यज्ञाची चर्चा आहे. या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यावे असे विधान आहे. मग मीमांसक आपल्या नेहमीच्या चिकाटीने विचारतो की, 'सर्वस्व' म्हणजे नेमके काय? आईबाप देता येतील काय? नाही; कारण ते 'माझे' असले तरी मी त्यांचा स्वामी नव्हे. आणि यजमान जर सार्वभौम राजा असेल, तर त्याला पृथ्वी देता येईल काय? तेथेही उत्तर नकाराचेच आहे. कारण पृथ्वी सर्वांना सारखीच आहे. शबरस्वामी आपल्या भाष्यात याचा जो उलगडा करतात तो मोठा मार्मिक आहे. क्षेत्राचे, म्हणजे शेताचे, स्वामी जगात दिसतात. साऱ्या पृथ्वीचा स्वामी मात्र कोणी दिसत नाही. राजाचा अधिकार रक्षणाचा आणि त्याबद्दल पिकाचा वाटा घेण्याचा. त्यापलीकडे पृथ्वीवर त्याचा इतरांहून अधिक हक्क नाही.

ही खाजगी मालकीची निंदा नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. शेत विकता येते, देता येते, वाटून घेता येते, हे मीमांसक मान्यच करतो. तो जो भेद करतो तो क्षेत्र आणि पृथ्वी यांच्यातला आहे. आणि माझ्या सर्व विचाराचा मध्यबिंदू हाच आहे की, प्रत्येक क्षेत्राच्या खाली पृथ्वी असते. अकरा गुंठे आमचे होते. परंतु त्या अकरा गुंठ्यांचा उतार, त्यांच्या वाळूची पाणी धरून ठेवण्याची शक्ती, त्यांच्या बावखलाने शेजारच्या चार विहिरींना दिलेला ओलावा, हे आमचे नव्हते. आम्ही क्षेत्र विकले, येथवर आम्ही अधिकारात होतो. पण त्या क्षेत्राचे बिनशेती होणे, बावखल बुजणे आणि वाळूवर सिमेंटचा थर बसणे या गोष्टी त्याच व्यवहाराच्या पोटात होत्या. म्हणजे क्षेत्राबरोबर आम्ही पृथ्वीचाही एक तुकडा देऊन टाकला, आणि तो देण्याचा अधिकार, शबरस्वामींच्या न्यायाने, चक्रवर्ती राजालाही नव्हता.

हा प्रश्न वसईच्या भूमीला अन्य भूमींपेक्षा अधिक जवळचा आहे, याचे कारण ती ज्या कथेने स्वतःला ओळखते त्या कथेतच तो आहे. महाभारताच्या शांतिपर्वात असे सांगितले आहे की, परशुरामाने जिंकलेली सारी पृथ्वी कश्यपाला दक्षिणा म्हणून दिली. तेव्हा कश्यप त्याला म्हणाला की, आता ही माझी झाली, येथे तू राहू नयेस. दान देणाऱ्यालाच उभे राहण्यास जागा उरली नाही. मग समुद्राने मागे सरून त्याच्यासाठी जो देश मोकळा केला तो शूर्पारक, म्हणजे आपले सोपारे. आणि त्याच कथेत पुढे असेही आहे की, कश्यप वनात निघून गेल्यावर, रक्षण करणारा कोणी नसल्यामुळे पृथ्वी रसातळाला जाऊ लागली, आणि कश्यपाने तिला आपल्या मांडीवर तोलून धरले. ऐतरेय ब्राह्मणात याहून जुनी एक कथा आहे. विश्वकर्मा भौवन नावाचा राजा कश्यपालाच पृथ्वी देऊ लागला, तेव्हा पृथ्वी स्वतः बोलली, आणि तिच्या बोलण्याचा आशय असा की, कोणाही मर्त्याला मला देऊन टाकण्याचा अधिकार नाही. तू मला दिलेस तर मी पाण्यात बुडून जाईन आणि कश्यपाला दिलेला तुझा शब्द फुकट जाईल. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा आणि विरार कित्येक दिवस पाण्याखाली होते, नालासोपाऱ्याजवळ रूळ बुडून आगगाड्या थांबल्या होत्या, मिठागरांतील वस्त्यांत माणसे अडकून पडली होती, आणि दिवसचे दिवस वीज नव्हती. त्या काळोखात मला ही कथा आठवली. ती शाप म्हणून आठवली नाही. पृथ्वीचे ते बोलणे मला प्रथमच एक साधे विधान वाटले: अमुक केल्यास अमुक होईल.

ते तसे का होते, हे समजण्यास वसईची ठेवण डोळ्यांपुढे आणावी लागते. पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर, पश्चिमेस अर्नाळ्यापासून आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज यांवरून खाली रमेदी-पापडीपर्यंत गेलेला वालुकामय उंचवटा, आणि या दोहोंच्या मध्ये सखल प्रदेश: भातखाचरे, खाजणे, मिठागरे. उत्तरेस वैतरणेचे मुख, दक्षिणेस उल्हास नदीची खाडी. डोंगरावरचा पाऊस सखल भागात उतरे, तेथे पसरून थांबे, आणि ओहोटी लागली की खाड्यांतून समुद्रात जाई. भरती असेपर्यंत पाण्याने कोठे तरी वाट पाहत थांबले पाहिजे, हा या प्रदेशाचा मूळ नियम आहे. आणि थांबण्याची ती जागा म्हणजेच दप्तरातील पडीक, खारवट, पोटखराबा. जी जमीन काहीच करीत नाही असे आकारणी करणाऱ्याला वाटले, ती वर्षातून चार महिने सर्वांत मोठे काम करीत होती. भराव पडला तो प्रथम तिच्यावर, कारण ती स्वस्त होती. भरावाचा मुरूम आला पूर्वेकडच्या टेकड्यांतून; म्हणजे एका जमिनीचे रूप पालटण्यासाठी दुसऱ्या जमिनीचे रूप आधी पालटले, टेकडी खाली आली आणि खाजण वर आले, आणि डोंगराने पाणी धरण्याचे व सखलाने ते सामावण्याचे काम एकाच वेळी संपले. २०१८ च्या त्या पुरानंतर महानगरपालिकेने निचऱ्याचा अभ्यास 'नीरी' ही पर्यावरण-संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्याकडे सोपविला, आणि पाणी साठवून धरणाऱ्या तलावांची चर्चा सुरू झाली. पाण्याने थांबावे म्हणून जागा खोदावी लागेल, हे आमच्या पूर्वजांना बावखल खोदताना ठाऊक होते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. भूमीचे रूप कधी स्थिर होते काय? ज्या सोपाऱ्याला अरब आणि यवन जहाजे येत, ते बंदर गाळाने भरून आज समुद्रापासून आत गेले आहे, आणि पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली ज्या बुरुड राजाच्या कोटाखालून बौद्ध स्तूप उकरून काढला, त्या स्तूपावरही मातीने केव्हाच आपले आच्छादन घातले होते. केळीची वाडी ही तरी निसर्गाची देणगी कोठे? वाळूवर शेणखत घालून, पाणी पाजून माणसानेच ती उभी केली. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशाहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती घेतली, पुढे इंग्रज आले, १८६७ साली विरारहून मुंबईस जाणारी लोकल गाडी सुरू झाली. मग आजच्याच पालटाला पाप का म्हणावे?

या आक्षेपातील सत्य मी नाकारीत नाही, पण त्यात एक घोटाळा आहे. भूगोलाचे अभ्यासक 'भूआच्छादन' आणि 'भूमीवापर' असा भेद करतात. आच्छादन म्हणजे जमिनीवर जे आहे ते: झाड, पाणी, दगड, छप्पर; १९७२ पासून लँडसॅट उपग्रह ते आकाशातून टिपीत आले आहेत. वापर म्हणजे माणूस त्या जमिनीकडून जे इच्छितो ते, आणि ते आकाशातून दिसत नाही. वसईच्या इतिहासात राजे पालटले, सनदा पालटल्या, धर्मही पालटले. सामवेदी ब्राह्मणांच्या वंशजांनी क्रूस घेतला, वाडवळांनी देवळे राखली, आगऱ्यांनी खाजणांना बांध घातले, मांगेल्यांनी आणि कोळ्यांनी किनारा धरला. परंतु या सर्वांची जमिनीकडे पाहण्याची इच्छा एकाच जातीची होती: तिने उद्याही द्यावे. खाजणाचा बांध फोडला तर भरती परत येते. वाडी ओसाड टाकली तर दहा वर्षांत तेथे रान होते. ते पालट असे होते की नातवाला हवे तर तो आजोबाचे म्हणणे मोडू शके. आजचा पालट नातवाला ती मुभा ठेवीत नाही. पाप आणि प्रमाद यांतला भेद मला प्रायश्चित्ताच्या शक्यतेवरून करावासा वाटतो. आणि ज्या कृतीचे परिमार्जन करण्यास पुढच्या पिढीच्या हाती काहीच उरत नाही, ती मला निराळ्या वर्गातली वाटते.

कारणांचा शोध घेऊ लागले म्हणजे एकच खलपुरुष सापडत नाही, हीच यातली दुःखाची गोष्ट आहे. कूळकायद्याने, विशेषतः १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने, जमीन कसणाऱ्याला मालक केले, आणि ते न्याय्यच होते. पण मालक होण्याबरोबर विकण्याची शक्यताही त्याच्या दारात आली. १९८२ च्या गिरणी संपाने लालबाग-परळची कुटुंबे देशोधडीला लागली आणि मुंबईच्या उत्तरेस जेथे डोके टेकण्यास परवडेल तेथे सरकत गेली. १९८८ साली शासनाने वसईचा मोठा हरित पट्टा बांधकामास खुला केला. १९९० साली या प्रदेशाचे नियोजन सिडकोकडे गेले. २००९ साली चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या शिरगणतीत तिची वस्ती बारा लक्षांवर गेली होती. यांतील प्रत्येक पाऊल उचलणाऱ्याजवळ कारण होते. कोणी पृथ्वी देऊन टाकीत नव्हते; जो तो आपापले क्षेत्र देत होता.

या बारा लक्ष माणसांविषयी बोलताना जीभ जड झाली पाहिजे, असे मला वाटते. वाडीची आठवण काढून उसासे टाकणे त्याला सोपे आहे ज्याचे छप्पर शाबूत आहे. भाड्याच्या खोलीत सहा जण राहून, पहाटेच्या गाडीला लोंबकळून मुंबई चालविणाऱ्या माणसाला निवाऱ्याचा जो हक्क आहे तो माझ्या बावखलाच्या हक्काहून लहान नाही. किंबहुना पृथ्वी सर्वांना सारखी आहे हे जैमिनींचे कारण मी ज्या श्रद्धेने वर सांगितले, त्याच श्रद्धेने मला हेही मानले पाहिजे की, ती नालासोपाऱ्याच्या भाडेकरूलाही सारखीच आहे. परंतु त्या माणसाला काय मिळाले ते पाहा. सांडपाण्याचे केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखलेल्या जागेवर नालासोपाऱ्यात बांधलेल्या एक्केचाळीस अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या, तेव्हा ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून तेथे खोली घेतली होती ती कुटुंबे सामानासह रस्त्यावर आली. पाण्याची वाट अडवून बांधलेल्या घरात पाणी प्रथम शिरते ते तळमजल्यावरच्या गरिबाच्या. म्हणून निवारा की निसर्ग असा जो वाद घातला जातो तो मला खोटा वाटतो. ज्याला घर म्हणून पाण्याची जागा विकली गेली, त्याच्या पदरात घरही पडले नाही आणि पाण्यालाही जागा उरली नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर भूमीच्या खालच्या पाण्याविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. कारण कर्म आणि फल यांचे प्रमाण दाखविणारा इतका स्पष्ट दाखला मला धर्मग्रंथांतही आढळला नाही. किनाऱ्यालगतच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते किंचित हलके असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका डच अभियंत्याने, आणि नंतर स्वतंत्रपणे एका जर्मन अभियंत्याने, याचा हिशोब मांडला: समुद्राच्या पातळीच्या वर भूजल एक फूट असेल, तर त्या पातळीच्या खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. याचा उलट अर्थ भयंकर आहे. उपसा करून विहिरीची पातळी एक फूट खाली आणली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर येऊ पाहते. रहाटाने उपसणाऱ्याला दिवसभरात तेवढेच पाणी मिळे जेवढे बैल किंवा रेडा ओढील, आणि रात्री विहीर आपली भरपाई करी. नवीन इमारतींची तहान भागविण्यासाठी वसईच्या पश्चिम पट्ट्यातील विहिरींना विजेचे पंप बसले आणि टँकरांच्या रांगा लागल्या, तेव्हा एका फुटाचा सौदा होत होता आणि चाळीस फुटांची उधारी वाढत होती. गोड विहिरी मचूळ झाल्या, पानवेली सुकल्या. आणि मग वसईची तहान भागविण्यास सूर्या प्रकल्पाचे पाणी आले, जे मुळात शेतीसाठी, त्यात आदिवासींच्याही शेतांसाठी, अडविले गेले होते. आमच्या वाडीच्या विक्रीचे एक टोक असे डहाणूच्या बाजूच्या एखाद्या वारली शेतकऱ्याच्या कोरड्या पाटापर्यंत जाऊन पोचते.

टँकरांच्या आणि हरित पट्टा खुला करणाऱ्या त्या अधिसूचनेच्या विरुद्ध १९८८ पासून हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला, त्याचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुष्कळांना त्या वेळी प्रश्न पडला की, धर्मगुरूने विहिरींच्या भानगडीत का पडावे? परंतु ज्या माणसाने पुढे संपूर्ण बायबल सुबोध मराठीत आणले, त्याला लेवीयाच्या पुस्तकातील पंचविसावा अध्याय अपरिचित असणे शक्य नव्हते. तेथे असे विधान आहे की, जमीन कायमची विकू नये, कारण ती परमेश्वराची आहे आणि माणसे तिच्यावर उपरी म्हणून राहतात. दर पन्नासाव्या वर्षी ती मूळ कुटुंबाकडे परत जावी. आणि मध्यंतरी जी विक्री होईल तिची किंमत पुढील पन्नासाव्या वर्षापर्यंत किती पिके निघतील यावरून ठरावी. म्हणजे विकली जातात ती पिके, भूमी नव्हे. इस्लामच्या वक्फातही मूळ मिळकत 'थांबविली' जाते आणि केवळ तिचे उत्पन्न वाटले जाते. मीमांसक, मोशे आणि काजी यांनी एकमेकांना विचारून हे ठरविले नव्हते. तरी तिघांनीही भूमीचे मूळ आणि भूमीचे फळ यांमध्ये रेघ ओढली, आणि व्यवहार त्या रेघेच्या अलीकडे ठेवला. वसईत हे तिन्ही धर्म शेजारी नांदतात. निर्मळच्या तळ्याकाठी देऊळ आणि चर्च जवळजवळ उभी आहेत. ती रेघ येथे टिकू नये याची मला जितकी खंत आहे तितकी अन्यत्र कोठे वाटली नसती.

आणि आपल्या ज्ञानेश्वरांनी तर ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात क्षेत्र-क्षेत्रज्ञाचे विवेचन करताना जमिनीच्या तंट्याचीच भाषा वापरली आहे. हे शरीररूपी क्षेत्र कोणाचे, याविषयी निरनिराळे मतवादी भांडतात: कोणी म्हणतो ते समूळ जीवाचे आणि प्राण हे त्याचे कूळ; दुसरा म्हणतो ते प्रकृतीचे वंशपरंपरेचे; तिसरा म्हणतो ते संकल्पाचे; आणि शेवटी काळाचे नाव पुढे येते. शके १२१२ मध्ये नेवाशाला हे लिहिले गेले, त्यावरून मला वाटते की, शेताच्या मालकीचा वाद जमाबंदीच्या कचेरीत जितका चालतो तितकाच तो मनुष्याच्या आत चालतो. जो स्वतःच्या देहाविषयीही 'हे माझे' असे निःशंकपणे म्हणू शकत नाही, त्याने अकरा गुंठ्यांविषयी ते किती मोठ्याने म्हणावे?

भुईगावच्या किनाऱ्यावर १९५६ साली अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखात सम्राट सांगतो की, लोक आजारपणात, विवाहात, पुत्रजन्माच्या वेळी, प्रवासास निघताना नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात. ती करावीत, पण त्यांचे फळ थोडे असते. खरे मंगल म्हणजे सेवकांशी योग्य वागणूक, वडीलधाऱ्यांविषयी आदर आणि प्राण्यांविषयी संयम. आज वसईत एखाद्या इमारतीचा पाया खणण्यापूर्वी भूमिपूजन होते. नारळ फुटतो, कुंकू वाहिले जाते, जिला आपण आता नांगरणार नाही तिची क्षमा मागितली जाते. ही श्रद्धा दांभिक आहे असे मी म्हणणार नाही. मी स्वतः अशा पूजांना हात जोडून उभा राहिलो आहे. अथर्ववेदाच्या पृथ्वीसूक्तातही ऋषी भूमीला खणतोच. पण तो अशी इच्छा करतो की, मी जेथे खणीन ते लवकर भरून यावे आणि माझा घाव तुझ्या मर्मावर बसू नये. पूजा तीच आहे. मर्म कोठे आहे हे आधी विचारण्याची रीत मात्र सुटली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला आहे असा निर्णय दिला, तेव्हा न्यायाच्या भाषेत तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, असे मी मानतो; कारण चिखलात उभे असलेले तिवर हे किनाऱ्याचे मर्मच आहे.

मागील पावसाळ्यात आमचे जुने कागद चाळताना आजोबांचे मूळ खरेदीखत हाती आले. मोडीतला जुना दस्त असल्यामुळे ते वाचून घ्यावे लागले. त्यात मिळकतीची चतुःसीमा दिली आहे: पूर्वेस पायवाट, दक्षिणेस शेजाऱ्याची वाडी, उत्तरेस ओहोळ, पश्चिमेस बावखल. ज्या दस्तावर माझी सही आहे तो बाजूला ठेवून पाहिला, तर लिहिणाऱ्याने जुनी चतुःसीमा तशीच उतरविली आहे, पश्चिमेस बावखल. दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. तिसऱ्या दिवशी मी तेथे गेलो. जेथे रहिवाशांच्या गाड्या उभ्या राहतात त्या फरशीवर गुडघाभर पाणी साचले होते, आणि इमारतीचा पहारेकरी मला सांगत होता की, दर वर्षी येथेच साचते, मोटार लावून उपसले तरी रात्रीत पुन्हा येते. मी जिन्याच्या दुसऱ्या वळणावर चढून वरून पाहिले. पाण्याचा आकार लांबट होता, उत्तरेच्या बाजूस जरासा निमुळता, आणि दक्षिणेच्या काठाला, जेथे आजोबांचा रहाट असे, तेथे किंचित बाहेर आलेला.